सूर्य, उदय, किरण, आदित्य : सन टीव्हीच्या पसाऱ्याची गोष्ट

(गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



समितीचा निरोप आला की या वर्षी रेल्वे सोडून कशावरही बोला. मी सिग्नल आणि दूरसंचार खात्यातला डिप्लोमावाला माणूस. शेअर बाजार हा माझा प्रांत नाही आणि सरकारी नोकराने राजकारणावर भाषण करू नये, हेही मला ठाऊक आहे. पण तार कुठून निघते, कुठे जाते आणि मध्ये तिचा ताबा कोणाकडे असतो, हे बघण्यात माझी वीस वर्षे गेली. म्हणून आज अशा एका तारेबद्दल बोलायचे ठरवले, जी कुंभकोणमच्या बहुतेक घरांत येते आणि जिच्यामुळे आपल्या आरतीची वेळसुद्धा ठरते. वहिनी हसताहेत, पण संध्याकाळची मालिका संपल्याशिवाय मंडपात गर्दी होत नाही, हे कार्यकर्त्यांना विचारा!

विषय आहे सन टीव्ही आणि त्या समूहाचा पसारा. या वर्षी तो निवडायला आणखी एक कारण आहे. १७ ऑक्टोबर २०२१ पासून या समूहाची मराठी वाहिनी सुरू झालेली आहे. आपण पोटासाठी महाराष्ट्रातून तमिळनाडूत आलो आणि चेन्नईची ही कंपनी धंद्यासाठी महाराष्ट्रात गेली. तेव्हा हे आहेत तरी कोण, हे आपल्याला माहीत असायला हवे.

या मंडळींचे मूळ चेन्नईत नाही, आपल्याच भागात आहे. जुन्या अखंड तंजावर जिल्ह्यातले तिरुक्कुवळै हे एम. करुणानिधींचे गाव. त्यांच्या बहिणीचे चिरंजीव मुरसोली मारन हेही तिथलेच. ‘मुरसोली’ हे करुणानिधींनी १९४२ साली सुरू केलेल्या पत्राचे नाव. मारन त्याचे संपादक झाले आणि तेच नाव त्यांना कायमचे चिकटले. आपल्याकडे गावावरून आडनाव पडते, इथे वर्तमानपत्रावरून पडले. मुरसोली मारन पुढे केंद्रात वाणिज्य व उद्योगमंत्री होते आणि नोव्हेंबर २००३ मध्ये वारले. त्यांचे थोरले चिरंजीव कलानिधी, धाकटे दयानिधी. दयानिधी राजकारणात गेले, कलानिधी धंद्यात. चेन्नईच्या लोयोला कॉलेजात बी.कॉम. आणि अमेरिकेत स्क्रँटन विद्यापीठात एम.बी.ए. करून कलानिधी परत आले ते घरच्या ‘कुंगुमम’ साप्ताहिकात कामाला लागले.

आता नावांकडे लक्ष द्या. कुंगुमम म्हणजे कुंकू. घरच्या कंपनीची नोंदणी १९८५ साली झाली ती सुमंगली पब्लिकेशन्स या नावाने. सुमंगली म्हणजे सुवासिनी. १९९० साली कलानिधींनी तमिळमध्ये व्हिडिओ कॅसेटवरचे बातमी-मासिक काढले, त्याचे नाव पूमालै, म्हणजे फुलांची माळ. कुंकू, सुवासिनी, फुलांची माळ. घरात टीव्ही कोणाच्या मर्जीने चालणार, हे या माणसाने टीव्ही सुरू करण्याआधीच ओळखले होते असे मला वाटते. पूमालै फार दिवस टिकले नाही. कॅसेटची नक्कल कोणीही काढतो आणि ग्राहक परत येत नाही, हा त्या धंद्यातला रोग होता.

मग उपग्रह वाहिन्यांचे दिवस आले. ऑक्टोबर १९९२ मध्ये झी टीव्ही सुरू झाला. त्या काळात खासगी वाहिनीला भारताच्या भूमीवरून उपग्रहाकडे कार्यक्रम पाठवण्याची परवानगी नव्हती. आपण म्हणू ‘अपलिंक’. कार्यक्रम इथे बनवायचा, टेप विमानाने परदेशी पाठवायची, तिथून ती उपग्रहावर चढायची आणि मग आपल्या केबलवाल्याच्या ताटलीत उतरायची. चेन्नईत बनलेला कार्यक्रम कुंभकोणमला यायला समुद्र ओलांडून फिरून येई. कलानिधींनी आधी झीकडे वेळ मागितली आणि तिथे दाद लागली नाही, अशी हकीकत या धंद्यातले लोक सांगतात. अखेर ए.टी.एन. नावाच्या दुसऱ्या वाहिनीवर दिवसातले काही तास मिळाले आणि १४ एप्रिल १९९३ रोजी, तमिळ नववर्षाच्या मुहूर्तावर, सन टीव्ही सुरू झाला. बँकेचे कर्ज आणि चेन्नईत द्रमुक पक्षाच्या मुख्यालयात, अण्णा अरिवालयात, थाटलेले ऑफिस, एवढ्यावर.

इथल्या लोकांना मोजमापासाठी महामहमसारखे दुसरे कॅलेंडर नाही. बारा वर्षांनी येणारा मेळा. आपल्या नाशिकच्या सिंहस्थासारखाच. फेब्रुवारी १९९२ च्या महामहमला सन टीव्ही नव्हता. मार्च २००४ च्या महामहमपर्यंत तमिळ, कन्नड, तेलुगू आणि मल्याळम अशा चारही भाषांत वाहिन्या होत्या, शिवाय केबल आणि रेडिओ. फेब्रुवारी २०१६ च्या महामहमपर्यंत वर्तमानपत्र, डी.टी.एच., सिनेमा आणि क्रिकेटचा संघ. मध्ये एक विमान कंपनी येऊन गेलीसुद्धा! पुढचे महामहम २०२८ ला आहे.

दक्षिणेतल्या वाहिन्यांची नावे ऐका. कन्नड ‘उदया’ १९९४ ची, मल्याळम ‘सूर्या’ १९९८ ची. नंतर ‘किरण’, नंतर विनोदी कार्यक्रमांची ‘आदित्य’. सगळी सूर्याचीच नावे. तेलुगू ‘जेमिनी’ (१९९५) तेवढी वेगळी. उगवता सूर्य हे द्रमुकचे निवडणूक चिन्ह आहे, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. पुढे क्रिकेटचा संघ घेतला त्याचेही नाव सनरायझर्स.

नावांची गंमत बाजूला ठेवू. पैसा कसा झाला ते बघू, कारण खरी हुशारी तिथे आहे.

रेल्वेतल्या सहकाऱ्यांना चटकन कळेल. आपण पार्सलचा डबा ठेक्याने देतो. ठेकेदार ठराविक रक्कम भरतो. डबा भरला काय आणि रिकामा गेला काय, रेल्वेचे पैसे आधी जमा. माल शोधण्याची चिंता ठेकेदाराची. सन टीव्हीने वेळ अशी विकली. संध्याकाळचा अर्धा तास एखाद्या निर्मात्याला द्यायचा. त्याने त्या अर्ध्या तासाचे भाडे वाहिनीला द्यायचे, मालिका स्वतःच्या खर्चाने काढायची आणि त्यातल्या जाहिरातींचा बराचसा वेळ स्वतः विकून आपला खर्च भागवायचा. मालिका पडली तर निर्माता बुडणार, वाहिनी नाही. इतर बहुतेक वाहिन्या पैसे देऊन मालिका करून घेत होत्या. इथे मालिका करणारा वाहिनीला पैसे देत होता.

आणि निर्माते रांग लावत, कारण प्रेक्षक तिथे होते. १९९९ साली राधिका यांच्या राडान कंपनीची ‘चित्ती’ आली. रात्री साडेनऊला रस्ते ओस पडत, अशी आठवण इथली जुनी माणसे सांगतात. मग ‘मेट्टि ओली’, म्हणजे जोडव्यांचा आवाज. मग ‘कोलंगळ’, म्हणजे रांगोळ्या. पुन्हा तेच बघा, जोडवी आणि रांगोळी. आपल्यातल्या कित्येक बायका महाराष्ट्रातून लग्न होऊन इथे आल्या तेव्हा त्यांना तमिळचे अक्षर येत नव्हते. शेजारणीकडून शिकल्या त्याहून जास्त तमिळ त्या या मालिकांतून शिकल्या. हे ऋण मान्य करायला हवे. सासू-सुनेचे भांडण समजायला व्याकरण लागत नाही.

दुसरी हुशारी सिनेमाच्या हक्कांची. सुरुवातीच्या वर्षांत टीव्हीवर सिनेमा दाखवण्याच्या हक्काला निर्माते फारशी किंमत देत नसत. ‘थिएटरातून उतरलेला सिनेमा, घेऊन जा’ असा मामला. सन समूहाने त्या वेळी दाक्षिणात्य चित्रपटांचे हक्क हजारोंनी घेऊन ठेवले. २००१ साली नुसत्या सिनेमांसाठी के.टीव्ही काढला तेव्हा कोठार भरलेलेच होते. सोने स्वस्त असताना घेऊन ठेवणे काय असते, हे आपल्या सराफ मंडळींना मी सांगायची गरज नाही.

तिसरी गोष्ट तारेची, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची.

वाहिनी कितीही चांगली असो, ती घरापर्यंत नेतो केबलवाला. जुन्या केबलमध्ये एक अडचण असे. तारेत जागा मोजकी आणि तारेतल्या सगळ्या जागा सारख्या नव्हत्या. खालच्या फ्रिक्वेन्सीवरच्या वाहिन्या स्वच्छ दिसत, शेवटच्या जागांवर मुंग्या. त्यात जुन्या टीव्हीला वाहिन्या दिसण्याची मर्यादा. म्हणजे कोणती वाहिनी कुठे बसवायची हे ज्याच्या हातात, त्याच्या हातात त्या वाहिनीचे नशीब. आपल्या भाषेत सांगायचे तर सेक्शन कंट्रोलर कोणती गाडी मेन लाइनवरून सोडतो आणि कोणती लूपमध्ये उभी करतो, तसे. सन समूहाने सुमंगली केबल व्हिजन ही केबल कंपनी काढली आणि चेन्नईसह मोठ्या शहरांत तिचा जम बसला. मग गाडीही त्यांची आणि कंट्रोलरही त्यांचा. आमची गाडी लूपमध्येच पडून राहते, ही प्रतिस्पर्धी वाहिन्यांची तक्रार वर्षानुवर्षे चालू होती.

यावर सरकारचे उपाय बघण्यासारखे आहेत. जानेवारी २००६ मध्ये जयललितांच्या सरकारने केबल वितरणाच्या मोठ्या कंपन्या ताब्यात घेण्याचा कायदा विधानसभेत मंजूर केला. राज्यपालांनी तो राष्ट्रपतींकडे पाठवला आणि तो तसाच राहिला. २००७ साली करुणानिधींच्या सरकारने स्वतःच अरसु केबल ही कंपनी काढली. अरसु म्हणजे सरकार. हे असे का झाले, घरच्याच माणसांविरुद्ध सरकारी कंपनी कशी निघाली, ते पुढे येते. तंजावर, कोईमतूर, तिरुनेलवेली आणि वेल्लूर इथे तिची नियंत्रण केंद्रे उभारली गेली. २००८ साली ती सुरू झाली आणि घरातले भांडण मिटल्यावर थंडावली. सप्टेंबर २०११ मध्ये जयललितांनी ती पुन्हा जिवंत केली, महिना ७० रुपये दराने. म्हणजे आपल्याला ७० रुपयांत केबल मिळाले ते दोन घराण्यांच्या आणि दोन पक्षांच्या चुरशीमुळे. कारण काहीही असो, दुसरी तार आली तेव्हा पहिलीचा भाव उतरला. एकच तार असताना तो कधी उतरला नव्हता.

दरम्यान समूहाने डिसेंबर २००७ मध्ये सन डायरेक्ट ही डी.टी.एच. सेवा काढली. मलेशियाच्या ॲस्ट्रो कंपनीचा त्यात २० टक्के वाटा. भारतात एम.पेग-४ हे नवे तंत्र वापरणारी ही पहिली डी.टी.एच. सेवा. या तंत्राने चित्र अधिक दाबून पाठवता येते, त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त वाहिन्या मावतात. दरही कमी ठेवला. पण जुलै २०१० मध्ये इन्सॅट-४बी या उपग्रहाच्या वीजपुरवठ्यात बिघाड झाला, त्याचे निम्मे ट्रान्सपाँडर बंद करावे लागले आणि सन डायरेक्टचा पडदा काळा झाला. कंपनीला मलेशियाच्या मेसॅट उपग्रहावर जावे लागले. जमिनीवरची तार तुटली तर आमचा माणूस सायकलवर जाऊन जोडून येतो. छत्तीस हजार किलोमीटर वर कोण जाणार?

आता घरातल्या भांडणाचे. २००५ साली समूहाने ‘दिनकरन’ हे दैनिक विकत घेतले. १९७७ साली के. पी. कंदसामी यांनी काढलेले हे पत्र. नव्या मालकांनी किंमत एक रुपया केली आणि खप भराभर वाढला. चहाच्या टपरीवर पेपर फुकट वाचणाराही एक रुपया खिशातून काढू लागला. एप्रिल २००६ मध्ये सन टीव्हीचे शेअर बाजारात आले, ८७५ रुपयांना एक. कंपनीचा फक्त दहा टक्के भाग विकून सुमारे ६०० कोटी रुपये उभे राहिले. हिशेब करा, म्हणजे बाजाराने सगळ्या कंपनीची किंमत सहा हजार कोटी धरली. वय वर्षे तेरा. त्याच वर्षी द्रमुक सत्तेवर आला आणि त्याने फुकट रंगीत टीव्ही वाटायला सुरुवात केली. २०११ पर्यंत दीड कोटीहून अधिक संच वाटले गेले. टीव्ही सरकारचा, पण केबलचे भाडे ज्याच्या खिशात जाते त्याचा फायदा, अशी टीका विरोधकांनी केली. ती निराधार होती असे म्हणता येणार नाही, पण गरिबाच्या घरात रंगीत टीव्ही आला हेही तितकेच खरे.

मग ९ मे २००७. दिनकरनमध्ये करुणानिधींचा राजकीय वारस कोण, यावर लोकमताची पाहणी छापून आली. तीत स्टालिन फार पुढे आणि थोरले बंधू अळगिरी फार मागे. त्या दिवशी मदुरैच्या दिनकरन कार्यालयावर हल्ला झाला, आग लावली गेली आणि आत काम करणारे तीन कर्मचारी मेले. ते मालक नव्हते की वारस नव्हते. पगारावर काम करणारी, तुमच्या-माझ्यासारखी माणसे. चारच दिवसांत दयानिधी मारन यांनी केंद्रातले दूरसंचार मंत्रिपद सोडले. सन टीव्ही अण्णा अरिवालयातून बाहेर पडला. सप्टेंबरमध्ये करुणानिधींच्या कुटुंबाने कलैञर टीव्ही काढला, आणि मघाशी सांगितलेली अरसु केबलही याच दिवसांतली. डिसेंबर २००८ मध्ये समेट झाला. त्या तिघांच्या खटल्यात खालच्या कोर्टात सारे आरोपी सुटले होते. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ साली नऊ जणांना जन्मठेप दिली.

बातमीचा मालक कोण, याने काय फरक पडतो हे कळायला त्याआधीची एक रात्र आठवावी. ३० जून २००१ च्या पहाटे करुणानिधींना घरातून अटक झाली. सन टीव्हीचा कॅमेरा तिथे होता. वयोवृद्ध नेत्याला पोलीस ओढून नेत असल्याची ती दृश्ये त्यांनी दिवसभर पुन्हा पुन्हा दाखवली आणि दिल्लीपर्यंत खळबळ उडाली. दुसरीकडे जया टीव्हीवर त्याच घटनेची वेगळी बाजू आणि वेगळी दृश्ये. घर एकच, रात्र एकच. ज्याच्या घरी जी वाहिनी लागे, त्याला ती घटना तशी कळली. जया टीव्ही जयललितांच्या पक्षाचा होता, मक्कळ टीव्ही पा.म.क.चा, कॅप्टन टीव्ही विजयकांतांचा. इथे पक्ष काढला की वाहिनी काढायची, असा जणू रिवाज पडला.

आपण महाराष्ट्राचे, आपल्याकडे असे नसते, असे कोणी म्हणू नये. ‘लोकमत’ नागपुरात १९७१ साली दैनिक झाला तो काँग्रेसचे नेते जवाहरलाल दर्डा यांच्या हातून. ‘सामना’ १९८८ पासून शिवसेनेचा. ‘सकाळ’ १९८५ पासून पवार कुटुंबाकडे. फरक एवढाच की आपल्याकडे कागद त्यांच्याकडे होता, पण तार, तबकडी, पडदा आणि रेडिओ हे सगळे एकाच घरात कधी आले नाही. इथे आले. सिनेमातून निघालेले गाणे त्यांच्याच म्युझिक वाहिनीवर, त्यांच्याच एफ.एम. रेडिओवर, त्याची जाहिरात त्यांच्याच पेपरात, परीक्षण त्यांच्याच साप्ताहिकात आणि वर्षभरात तो सिनेमा दिवाळीला त्यांच्याच पडद्यावर.

सिनेमा म्हटला की आपल्याला अभिमानाची जागा आहे. २०१० साली सन पिक्चर्सने ‘एंदिरन’ काढला, त्या वेळचा देशातला अतिशय खर्चिक चित्रपट. नायक रजनीकांत, म्हणजे बंगळूरच्या मराठी घरातले शिवाजीराव गायकवाड. २०१९ चा ‘पेट्टा’, २०२३ चा ‘जेलर’ आणि २०२५ चा ‘कुली’ हेही सन पिक्चर्सचेच. चेन्नईच्या मोठ्या माध्यम समूहाचे मोठे चित्रपट ज्या माणसाच्या खांद्यावर उभे राहिले, त्याची मातृभाषा आपली आहे.

विमानाचे थोडक्यात सांगतो. जून २०१० मध्ये कलानिधींनी स्पाइसजेटचा ३७.७ टक्के हिस्सा घेतला, २०१५ च्या सुरुवातीला कंपनी जुन्या प्रवर्तकाकडे परत गेली आणि पैशांचा वाद पुढे वर्षानुवर्षे लवाद आणि कोर्टात चालला. मला वाटते कारण सोपे आहे. विमानात मधली तार आपल्या मालकीची नसते. इंधनाचा भाव दुसरा ठरवतो, विमानतळ दुसऱ्याचा. क्रिकेट मात्र जमले. २०१२ साली हैदराबादचा संघ वर्षाला ८५ कोटींच्या बोलीने घेतला, २०१६ ला तो आय.पी.एल. जिंकला. मग दक्षिण आफ्रिकेत एक संघ, आणि २०२५ साली इंग्लंडमध्ये लीड्सचा संघ. क्रिकेट हीदेखील शेवटी टीव्हीचीच गोष्ट आहे.

कोर्टकचेऱ्याही झाल्या. एअरसेल-मॅक्सिस प्रकरणात दोन्ही बंधूंवर सी.बी.आय.ने आरोपपत्र ठेवले होते. फेब्रुवारी २०१७ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. २०१५ साली गृह मंत्रालयाने सुरक्षेच्या कारणावरून समूहाच्या रेडिओ कंपन्यांना लिलावात येऊ द्यायला नकार दिला, तेव्हा न्यायालयातून त्यांना वाट मिळाली. आणि जून २०२५ मध्ये दयानिधींनी थोरल्या भावालाच वकिलामार्फत नोटीस पाठवली की २००३ साली वडील अत्यवस्थ असताना कंपनीचे १२ लाख शेअर दहा रुपये दर्शनी भावाने स्वतःच्या नावे करून घेतले. कंपनीने शेअर बाजाराला कळवले की आरोप चुकीचे आहेत, सगळे कायद्यानुसार झाले आहे आणि ही बाब कंपनी खासगी असताना बावीस वर्षांपूर्वीची आहे. भाऊबंदकी कुठल्या घराला चुकली आहे? फक्त इथे वाटणीत बांध नसून वाहिन्या आहेत.

आकडा एकच सांगतो. २०२३-२४ साली सन टीव्ही नेटवर्कचे उत्पन्न चार हजार कोटींच्या वर आणि निव्वळ नफा सुमारे १,९०० कोटी. शंभर रुपये आले तर चाळीसहून जास्त हातात राहिले. आपल्या रेल्वेत त्याच वर्षी शंभर मिळवायला सुमारे ९८ खर्च झाले. रूळ आपले, सिग्नल आपले, इंजिन आपले, डबेही आपले, तरी! सहकाऱ्यांनो, त्या वर्षी आपण पॅसेंजरचे तिकीट वाढवले नाही, एवढे समाधान. कंपनीचे ७५ टक्के शेअर प्रवर्तकाकडे आहेत.

आता आपल्या मराठीकडे येतो. मराठीतली पहिली मोठी खासगी वाहिनी ‘अल्फा मराठी’, ऑगस्ट १९९९ ची. तीच २००५ पासून झी मराठी. मालक हरियाणाचे सुभाष चंद्र. मग जुलै २००० मध्ये ई टीव्ही मराठी, मालक हैदराबादचे रामोजी राव. २००८ साली स्टार प्रवाह, मालक मर्डोक. २०२१ ला सन मराठी, मालक चेन्नईचे. मराठी घरातल्या सासू-सुनांवर हिस्सार, हैदराबाद, अमेरिका आणि चेन्नई इथल्या लोकांनी पैसा लावला. आपल्या लोकांनी प्रयत्न केले नाहीत असे नाही, पण तोटा सोसत पाच-सात वर्षे उभे राहण्याची ताकद लागते आणि ती दुसऱ्या धंद्याच्या जोरावर येते. झीने २००८ मध्ये चेन्नईत तमिळ वाहिनी काढली, सनने मुंबईत मराठी. ज्या दारी सुरुवातीला दाद मिळाली नाही म्हणतात, त्याच्या अंगणात अठ्ठावीस वर्षांनी दुकान मांडले.

सन मराठीवर ‘सुंदरी’ नावाची मालिका आली. सावळ्या रंगाची, खेड्यातली, कलेक्टर व्हायची जिद्द धरलेली मुलगी. इथल्या वहिनींनी ती तमिळमध्ये आधीच पाहिली होती.  म्हणजे आपल्या गावाकडची सून आज जी मालिका मराठीत बघते, ती तिच्या कुंभकोणमच्या जावेने आधीच बघून ठेवलेली असते. पुढे काय होणार ते फोनवर सांगू नका, एवढीच विनंती.

हे गमतीचे झाले. गंभीर ते असे. आपली मुले इथे तमिळ शाळेत नाहीतर इंग्रजी शाळेत जातात. मराठी त्यांच्या कानावर पडते ते आईच्या तोंडून, गावच्या फोनवर आणि टीव्हीवर. आई धंद्यात हात लावते, फोन पाच मिनिटांचा. राहिला टीव्ही. आणि केबलवर मराठी वाहिनी मागायला गेलो की उत्तर मिळते, ‘तुमची घरे किती?’ केबलवाल्याचे चूक नाही. त्याच्या हिशेबात गावातली मराठी घरे हाताच्या बोटांवर, त्यांच्यासाठी तो जागा अडवणार नाही. उपग्रहाचे मात्र तसे नाही. त्याचा झोत साऱ्या देशावर सारखाच पडतो. सांगलीत जी वाहिनी उतरते तीच कुंभकोणमच्या गच्चीवर उतरते, घरे दहा असोत की दहा हजार. म्हणून परमुलखातल्या छोट्या समाजाला तार परवडत नाही, ताटली परवडते.

२०१९ पासून ‘ट्राय’च्या नियमाने प्रत्येक वाहिनीची किंमत स्वतंत्र छापलेली असते आणि हवी ती वाहिनी सुटी घेता येते. तुमच्या गठ्ठ्यात मराठी नसेल तर सुटी मागा. झी मराठी, स्टार प्रवाह, सन मराठी, जी आवडेल ती. सह्याद्रीलाही विसरू नका, ती सरकारी आहे आणि फुकट आहे. सेवा देणाऱ्याने ‘फक्त पॅकच मिळेल’ असे सांगितले तरी ऐकू नका, सुटी मागण्याचा हक्क आहे. बदल करताना नको असलेल्या वाहिन्या काढायला सांगा, नाहीतर बिल वाढते.

ज्यांच्या गच्चीवरून शेजारच्या नव्या इमारतीमुळे किंवा नारळामुळे सिग्नल अडतो, त्यांनी आरतीनंतर मला भेटावे. दिशा बघायचा कंपास आणि सिग्नल मोजायचा छोटा मीटर मी बरोबर आणला आहे. रविवारी सकाळी पाच-सहा घरे बघून होतील.